सुईचा उपास

दत्ता, काल तुझं तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. शिरा केला होता, आणि शेजारच्या सावंतीणकाकूंनी हट्टाने जिलब्या आणवल्या. म्हणाल्या, "आठ वर्षं पोराने जिलबीकडे नुसतं बघितलं हो, आता तरी त्याच्या नावाने होऊ दे." मग काय, तुझ्या नावाने चाळीतल्या चाळीसेक माणसांनी जिलब्या खाल्ल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "वयनी, आता ह्या सगळ्यांची लघवी तपास." वाढता वाढता मी हे मनात म्हटलं आणि मला हसू आलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नको तिथे हसायची ही सवय मला तुझ्यामुळे लागली, एरवी मी बरी होते.

आज सकाळी वाचनालयाची मंडळी आली होती. हस्तलिखित अंकात तुझ्यावर दोन पानं हवीत म्हणाले. जन्म कुठला, शिक्षण किती, गिरणीत कुठल्या खात्यात, संयुक्त महाराष्ट्रासाठी काय केलं, असं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही लिहा, गिरणीच्या कार्डावर सगळं आहे. मला जे लिहायचं आहे तेच मी लिहिणार. ते म्हणाले, बरं. नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती, मी भाकऱ्या थापत होते.

तर ऐक. एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पहिल्यांदाच सांगते. सत्याग्रहाला जाणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव तुझ्या दोस्ताने, केशवने, आपल्या मनाने खोडलं नव्हतं. मी त्याला खोडायला लावलं. दोन वर्षं तू त्याच्याशी बोलला नाहीस, इस्पितळात तो आला तेव्हा भिंतीकडे तोंड केलंस, आणि तो गप्प राहिला तो माझ्या शब्दामुळे. काल तो पंगतीत शेवटच्या पानावर बसला होता. जेवला, पान उचललं, मला नमस्कार केला आणि गेला. मला ते जेवण पचलेलं नाही.

आता बाकीचं सांगते. अंक वाचणाऱ्या सगळ्यांना काही ठाऊक नाही, म्हणून तुला माहीत असलेलंही सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू पाळण्यात होतास. सासूबाई गेल्या तेव्हा चार वर्षांचा. लोकांसमोर मी तुला भाऊजी म्हणायची आणि दार लोटलं की तू आणि अरे. तू शाळेत जायला लागलास तेव्हा तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले. तू मोठ्याने वाचायचास आणि मी तांदूळ निवडता निवडता बोटाने ताटात गिरवायची. तू चौथीत गेलास तोवर मी तुझ्यापुढे गेले होते, हे तू कधी कबूल केलं नाहीस. म्हणायचास, "वयनी, तू पुस्तक पाठ करतेस, वाचत नाहीस." आता हे कोण लिहितंय ते बघ.

मग तू गिरणीच्या बॉयलरवर लागलास. तिथेच केशव भेटला. नायगावच्या बीडीडी चाळीतला, तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच कोळशाने काळा. पहिल्यांदा तो आपल्याकडे आला तेव्हा मी त्याला वेगळ्या कपात चहा दिला होता. त्याचा पिऊन झाला तसा तोच कप उचललास, माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, "आता मला यात ओत." त्या दिवसापासून घरात वेगळा कप राहिला नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. लाज वाटते म्हणूनच लिहिते.

चोविसाव्या वर्षी तू वाळायला लागलास. तिघांचं जेवण एकटा जेवायचास, माठ रिकामा करायचास, आणि सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला होता. मी तुझ्या दादांना म्हटलं, याला कुणाची तरी नजर लागली. दादा म्हणाले, याला लग्न पाहिजे. केशवने तुला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी निळं औषध नळीत घातलं, तुझ्या लघवीचे आठ थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली, आणि ते निळं पाणी विटेसारखं लाल झालं. मधुमेह. मला वाटायचं तो शेठजींना होतो, गादीवर बसून बसून. बॉयलरवाल्याला कसा झाला, हे मला आजही कळलेलं नाही.

तेव्हापासून सुई. काचेची पिचकारी आणि सुई रोज पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासून धार काढायची. इन्शुलिनची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात. दादांना रक्त बघवत नसे. आणि तू! भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा गडी, पण सुई दिसली की डोळे गच्च मिटून "झालं का, झालं का" करायचास. स्वतःच्या हाताने टोचून घेणं तुला कधी जमलं नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी, आठ वर्षं. सुई मारताना मला कधीच काही वाटलं नाही, इतकं खरं. ते काम होतं. भाकरी भाजण्यासारखं.

आता माझी चूक सांगते. तुझी नव्हे, माझी.

सुई सुरू होऊन वर्ष झालं नव्हतं. नवरात्र आलं. आपल्याकडे घट बसतो आणि घरातला एक पुरुष नऊ दिवस उपास धरतो. दादांची पाळी झाली होती, त्या वर्षी तुझी. दोन वेळ दूध आणि मूठभर शेंगदाणे, दुसरं काही नाही. पहिल्या सकाळी मी पातेलं चुलीवर ठेवलं आणि थांबले. म्हटलं, दत्ता, भात नाही, भाकरी नाही, गोडाचं तर नावच नाही. साखर पोटात जाणारच नसेल तर साखरेची सुई कशाला? नऊ दिवस सुईलाही उपास. तू हसलास. तुला तर तेवढंच हवं होतं. आपण दोघंही किती खूश झालो होतो! देवीने सुट्टी दिली म्हणालास.

तिसऱ्या दिवशी तू पडलास. ओकाऱ्या थांबेनात, डोळे खोल गेले, श्वास तर लोहाराच्या भात्यासारखा. आणि तोंडाला एक वास, गोडसर, आंबूस, काहीतरी नासल्यासारखा. सावंतीणकाकू दारात आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "नवरात्रात हातभट्टीची? घट बसलेल्या घरात?" दारूबंदीचे दिवस, वरच्या मजल्यावर हवालदार राहतो. मला वाटलं, खरंच प्यायला. उपाशी पोटी प्यायला म्हणून ओकतो आहे. मी बाहेर येऊन दार ओढलं, कडी घातली आणि बाहेरूनच तुला म्हटलं, "लाज सोडलीस, आता पडून राहा." तू काहीतरी बोलत होतास. मी ऐकलं नाही.

दुपारी पाळी सुटल्यावर केशव आला. कडी काढून आत गेला, तुझ्या तोंडाजवळ वाकला आणि बाहेर येऊन म्हणाला, "वयनी, ही दारू नाही. गेल्या वर्षी दुखणं निघालं तेव्हा असाच वास यायचा ह्याला, पिकून सडलेल्या फळासारखा. सुई दिली होती ना?" मी घटाकडे पाहिलं. "वयनी, सुई?" मी म्हटलं, "उपास आहे ना त्याचा." केशव तसाच आत वळला. पाठीवर घेतला तुला आणि जिना उतरला.

तू वाचलास. दहा दिवसांनी घरी आलास तेव्हा मी शेगडी पेटवत होते आणि तुझ्याकडे बघायचं टाळत होते. तू पाट ओढून समोर बसलास. तुला डॉक्टरांनी सगळं समजावून दिलं होतं, आणि कुणाला तरी समजावल्याशिवाय तुला चैन पडत नसे.

"वयनी, शेगडी कशी पेटवतेस?"

"बघतोस ना. घासलेटचा बोळा, वर काटक्या, वर कोळसा."

"काटक्या नाही घातल्या आणि नुसता कोळसाच टाकला तर?"

"तर काय, धूर. बाजूच्या खोलीत सावंतीण खोकेल."

"तोच धूर माझ्या तोंडातून येत होता."

मग तू सांगितलंस ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते. अंगाला दोन जळणं. साखर म्हणजे काटक्या. भात, भाकरी, गूळ, केळं, सगळं शेवटी साखरच होतं. लगेच पेट घेते, लगेच ऊब देते, लगेच संपते. तिचा साठाही लहान, यकृतात एक डबा, तो दिवसभर जेमतेम पुरतो. तूप, तेल, अंगावरची चरबी म्हणजे दगडी कोळसा. तोळ्याला तोळा धरला तर साखरेच्या दुपटीहून जास्त ऊब. साठाही मोठा, वाळलेल्या माणसाच्या अंगावरसुद्धा काही आठवड्यांचा. पण पेटायला वेळ लागतो, आणि नीट जळायचा असेल तर बाजूला थोड्या काटक्या जळत असाव्या लागतात. आत काटकी नसेल आणि अंगाने कोळशावर कोळसा ओढला, तर तो अर्धा जळतो. तो अर्धा जळलेला माल रक्तात आंबट होऊन हिंडतो. माणूस त्यात गुदमरतो.

मी म्हटलं, "पण तुझ्या लघवीत तर साखरच साखर होती. नळी लाल झाली म्हणाला केशव."

"होती ना. काटक्यांची मोळी दाराबाहेर पडलेली. आत न्यायला इन्शुलिन लागतं. ते तू बंद केलेलं."

"आणि तू तर काही खाल्लं नव्हतंस. मोळी आली कुठून?"

"यकृत बनवतं गो! मांस मोडून बनवतं. आपण उपास धरतो, यकृत धरत नाही."

हे वाक्य मी विसरले नाही. मग तू मला विचारलंस, आता कळलं ना? मी म्हटलं, कळलं, पण सावंतीणकाकू दरसाल नऊ दिवस उपास करतात, त्यांच्या तोंडाला नाही येत धूर. तू म्हणालास, "त्यांच्या अंगात स्वतःचं इन्शुलिन आहे, ते कोळसा मापाने सोडतं. तरी थोडा येत असेल. जवळ जाऊन बघ." मी म्हटलं, "तूच जा." आणि तिथे आपण दोघं हसलो, आणि मी कडी घातली होती त्याबद्दल मग बोलणंच झालं नाही. तू विषय काढला नाहीस. मीही नाही.

त्या दिवसापासून आपलं तूप-साखरेचं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत चाललं. मी म्हणायची, साखर तुझी वैरीण, तूप खा. वरणावर धार, भाकरीला तूप, दोन अंडी. तू म्हणायचास, नुसत्या कोळशाने बॉयलर चालत नाही. मी म्हणायची, तुझा बॉयलर नेहमीचा नाही. तू म्हणायचास, "जिना धावत चढायला साखर लागते वयनी, लालबागहून फोर्टपर्यंत सावकाश चालत जायला चरबी चालते. मला दोन्ही करायचंय." मोर्चाला जायची परवानगी काढायचा हा तुझा मार्ग, मला कळत नव्हतं असं नाही.

आणि गेलासच. त्या मोर्चाच्या दिवशी सकाळी सुई घेतलीस आणि दहाला जेवायचं होतं. रस्ते बंद झाले, जेवण राहिलं. सुई आपलं काम करत राहिली, असलेल्या काटक्या आत ढकलत राहिली, आणि रक्तात काही उरलंच नाही. तुझे पाय लटपटायला लागले, घामाने सदरा चिंब, आणि एका हवालदाराला तू मामा म्हणून मिठी मारलीस. त्याने तुझं तोंड हुंगलं. या खेपेला कसलाच वास नव्हता. केशवच्या खिशात तुझ्यासाठी खडीसाखर असायची, ती त्याने तुझ्या गालात कोंबली. पाव तासात तू सरळ उभा, आणि हवालदाराची माफी मागतोस. घरी येऊन केशवने मला हे नकलेसकट सांगितलं. मी हसले खरी, पण एक गोष्ट मनात धरली. अंगावर चरबीचा साठा असूनही त्या पाव तासात तुझ्या डोक्याला साखरच लागली. तूप पाजून तू तिथे उठला नसतास. भांडणात मी हरले होते. तुला मात्र ते सांगितलं नाही.

आता यादीचं.

दोन वर्षांपूर्वी चाळीचाळींतून सत्याग्रहाला नावं घेत होते. बंदी मोडायची, पकडून घ्यायचं, आणि आत गेल्यावर पहिले तीन दिवस अन्न घ्यायचं नाही असं ठरलं होतं. यादी केशवकडे. तुझं नाव तिसरं. तोवर गिरणीने तुला बॉयलरवरून काढून भांडारात बसवलं होतं, सुया-बॉबिनी मोजायला. तू त्याबद्दल तक्रार केली नाहीस, पण घरी आल्यावर हात पुन्हापुन्हा धुवायचास, काळे झालेले नसतानाही.

आपलं बोलणं आठवतं?

मी म्हटलं, "बाटली आणि सुई आत कोण नेऊ देणार?"

"तुरुंगात डॉक्टर असतो."

"बरं, असतो. त्याने सुई दिली आणि तू जेवला नाहीस, तर त्या मोर्चासारखा पडशील. आणि सुई मिळाली नाही नि जेवलाही नाहीस, तर नवरात्रासारखा. कुठल्या बाजूने वाचणार ते सांग."

"मी जेवेन. बाकीचे उपास करतील. कुणी जबरदस्ती नाही."

"केशव शेजारी उपाशी बसलाय आणि तू जेवशील?"

तू उठून मोरीवर हात धुतलेस. मग म्हणालास, "वयनी, माझ्या आयुष्यात एकदा तरी मला यादीत राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नायगावला गेले. केशवच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदा गेले, इतक्या वर्षांत. त्याच्या आईने मला पाट दिला, पाणी दिलं. मी प्यायले. केशव पाळी करून आला होता, डोळ्यांत कोळशाची पूड. मी म्हटलं, दत्ताचं नाव काढ. तो म्हणाला, "मलाही नको वाटतंय वयनी. पण तुम्ही सांगा ना त्याला, तुमचं ऐकेल." मी म्हटलं, ऐकेल, पण दुसऱ्या सकाळी माझ्या हातची सुई घेणार नाही. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव. माझ्याशी अबोला धरला तर तो मरेल. तुझ्याशी धरला तर जगेल.

असं म्हणाले मी. शब्द न् शब्द असंच.

केशवची आई चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. केशव म्हणाला, "मग काय सांगू?" मी म्हटलं, सांग की आजारी माणसं नको आहेत. त्याने यादी काढली, पेन्सिल मागितली, माझ्यासमोर रेघ मारली. "आणि वयनी, हे तुम्ही कधी सांगणार त्याला?" मी म्हटलं, "तुम्ही सगळे सुटून आलात की."

सगळे सुटून आले. कुणाला काही झालं नाही, एकाचं तर वजन वाढलं म्हणे. केशवही आला. पण तोवर तू त्याला बोलून बसला होतास. चाळीच्या तोंडाशी, चार माणसांत: "गिरणीने मला कंडम केलं ते समजू शकतो. तू केलंस?" बिघडलेल्या मागाला, टाकून द्यायच्या मालाला गिरणीत कंडम म्हणतात. केशव उभा होता. त्याने वर गॅलरीत माझ्याकडे पाहिलं. मी कपडे वाळत घालत होते. मी कपडे वाळत घालत राहिले.

आज सांगते उद्या सांगते करत दोन वर्षं गेली. मी स्वतःला रोज सकाळी तेच कारण द्यायची, सुई हातात असायची ना. सांगितलं तर दंड पुढे करणार नाही हा. आणि ते कारण खोटं नव्हतं, हे तूही मान्य करशील.

पण मग पायाची जखम चिघळली आणि तू इस्पितळात गेलास. तिथे सुई नर्सबाई द्यायची. माझ्या हाताची गरज संपली होती, आणि तेव्हा मी बोलू शकले असते. अठरा दिवस होते. मी तांदळाची कण्हेरी आणायची, उशी सारखी करायची, महाराष्ट्र मिळणार असं पेपरात आलंय ते वाचून दाखवायची. तू म्हणायचास, "पुन्हा वाच, यावेळी पाठ केल्यासारखं नको."

आणि केशव आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि मला म्हणालास, "त्याला सांग, कंडम माल बघायला येऊ नको." मी सांगितलं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याने ऐकलंच होतं, तरी मी तुझा निरोप त्याला तोंडाने दिला. तेव्हा मला कसली भीती होती? सुईची नव्हे. तू माझ्याकडेही तसाच पाठ करशील याची. मरायला टेकलेल्या माणसाकडून मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं करावं!

माझं चुकलं कुठे ते मी गेले तेरा दिवस बघते आहे. नाव खोडलं ते चुकलं, असं मला अजून वाटत नाही. तू गेला असतास तर कदाचित तुरुंगातल्या डॉक्टराने सगळं नीट केलं असतं, तू जेवला असतास, तूही वजन वाढवून परत आला असतास. कदाचित. पण मी एकदा "सुईलाही उपास" म्हणून बसले होते आणि त्याचा वास मला ठाऊक होता. पुन्हा यादी आली आणि तुझं नाव तिसरं असलं, तर मी पुन्हा नायगावला जाईन. यावर तू भांडलास तरी चालेल. पण खोडल्यावर घरी येऊन तुला सांगायला हवं होतं. सुई घेतली नसतीस एक दिवस, तर मी दादांना तुझ्या छातीवर बसवून टोचली असती. एवढं साधं होतं. मला ते तेव्हा सुचलं नाही.

तुझे आभार मानायचेत, तेही इथेच मानते, पुन्हा कुठे मानणार. तू मला वाचायला शिकवलंस, नकळत का होईना. अंगात काय जळतं आणि काय धुमसतं हे एका शेगडीवर समजावून दिलंस, आणि तसं समजावताना मी तुला कोंडून ठेवलं होतं ते तोंडातून काढलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर रोज काढलं असतं.

वाचनालयाच्या मंडळींना मी सांगितलंय, ही पानं मंगळवारी देईन. आज शनिवार. उद्या गिरणीला सुट्टी असते, आणि केशवला मी निरोप पाठवला आहे की ये. हे सगळं तुला म्हणून लिहिलं खरं, पण दत्ता, तुला आता यातलं काही ऐकू येत नाही. ऐकायला जो आहे त्याला आधी वाचून दाखवायला हवं, चाळीने वाचायच्या आत. तो आला की पाट देईन आणि लगेच वाचायला घेईन. चहा नंतर. आधी चहा टाकला तर मी त्याच्या आईची चौकशी करत बसेन, भाव काय झालेत ते बोलेन, आणि तो पुन्हा नमस्कार करून निघून जाईल.